उजेड आत, आवाज बाहेर

मैत्रिणींनो, बाळाचं नाव ठेवताना घरात किती वाद होतात ते मी काही तुम्हाला सांगायला नको. आत्याला एक हवं असतं, आजीला दुसरं, आणि बाळाच्या आईला कुणी विचारतच नाही! १८८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एका घरात दुसरी मुलगी जन्माला आली. तिच्या बाबांनी सुचवलं, हिचं नाव ‘फोटोफोन’ ठेवू या. हे बाबा म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्याच दिवसांत त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी तारेशिवाय, नुसत्या उन्हाच्या झोतावरून माणसाचं बोलणं पोचवणारं यंत्र तयार केलं होतं. त्या यंत्राचं नाव फोटोफोन. आनंदाच्या भरात मुलीलाही तेच नाव! आई मेबल मात्र शहाणी. तिने साफ नकार दिला आणि मुलीचं नाव मेरियन ठेवलं. बरं झालं.

फोटोफोन काही तेव्हा चालला नाही. पण त्यावर काम करता करता बेल आणि टेंटर यांच्या एक गंमत लक्षात आली. भोकं पाडलेली चकती उन्हासमोर गरगर फिरवली, म्हणजे ऊन सलग न पडता थांबत थांबत पडलं, की ज्या वस्तूवर ते पडतं त्या वस्तूतून बारीक आवाज येतो. मग काय, जी वस्तू हाती लागेल ती त्यांनी उन्हासमोर धरली. रबर, धातूचे पत्रे, कापूस, लोकर. फिक्या रंगापेक्षा गडद रंग जास्त बोलतो असं दिसलं. आणि सगळ्यात मोठा आवाज कशातून आला? काजळीतून! दिव्यावर धरून आपल्या आज्या काजळ करायच्या ना, तसली काजळी. नळीला कान लावला तर कानाला त्रास व्हावा इतका तो आवाज होता म्हणे.

यामागचं कारण आपल्याला नवं नाही. पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यात दुपारी पत्रे कसे तडतड वाजतात ते आठवा. ऊन लागलं की पत्रा तापतो, तापला की फुगतो, फुगला की आवाज करतो. काळी वस्तू ऊन जास्त पिते, म्हणून जास्त तापते, म्हणून जास्त बोलते. बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर आज, जवळजवळ दीडशे वर्षांनी, कर्करोग शोधण्याचं एक तंत्र उभं राहत आहे. त्याचं नाव फोटोअकूस्टिक इमेजिंग. फोटो म्हणजे उजेड आणि अकूस्टिक म्हणजे आवाजाचं. आपण त्याला ‘उजेड आत, आवाज बाहेर’ म्हणू या.

आपल्या शरीरात काजळीचं काम कोण करतं? तर रक्त. अंधारात बॅटरीवर तळहात ठेवून पाहा. हात लालभडक दिसतो, पण आतली एकही शीर नीट दिसत नाही. कारण उजेड मांसात शिरला की दुधात टाकल्यासारखा इकडेतिकडे विखुरतो. आवाजाचं तसं होत नाही, तो शरीरातून बराच सरळ प्रवास करतो. म्हणून तर सोनोग्राफीत पोटातलं बाळ दिसतं. पण सोनोग्राफीला आकार कळतो, रक्ताचा रंग कळत नाही. या नव्या तंत्रात दोन्हीची सांगड घातली आहे. लेझरचा उजेड सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता लुकलुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो पितं, आणि एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच तापतं. तेवढ्यानेही ते किंचित फुगतं आणि आवाजाची लहर सोडते ती रक्तवाहिनी. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, पण यंत्राला येते. लहर कुठून आली, किती जोरात आली, यावरून संगणक रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतो. लेझरचा रंग बदलला तर ऑक्सिजन असलेलं रक्त कुठलं आणि नसलेलं कुठलं, हेही कळतं. क्ष-किरण नाहीत, शिरेतून औषध टोचायला नको.

आता मूळ विषयाकडे येते. विषय आहे मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग. नाव काढलं तरी आपण बायका मान खाली घालतो. स्तनाच्या गाठीबद्दल आता निदान जावेजवळ, बहिणीजवळ बोलतो. पण शौचाच्या जागेचं दुखणं? छे! नवऱ्यालाही सांगत नाही. बरं, रक्त दिसलं तरी आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘पाळी जायचं वय आहे, त्यातलंच असेल’, आणि दुसरं, ‘मूळव्याध’. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशी पाटी नाही असं गाव मला तरी माहीत नाही.

हा रोग किती मोठा आहे? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे १९ लाख लोकांना तो झाला आणि ९ लाखांच्या आसपास लोक त्याने गेले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसाच्या खालोखाल याचाच नंबर लागतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे दर लाखामागे प्रमाण बरंच कमी आहे, हे खरं. पण त्यात समाधान मानायला जागा नाही, कारण आपले रुग्ण तरुण असतात आणि उशिरा येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आपल्याकडच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. सत्तेचाळीस! म्हणजे मुलीचं लग्न व्हायचंय, मुलाचं कॉलेज चाललंय, असं वय.

खरं म्हणजे हा रोग पकडायला सोपा असावा इतका तो सावकाश वाढतो. बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी मशासारखा छोटा उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात, आणि सगळ्याच पॉलिपचा होतही नाही. दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, तो दिसला की तिथल्या तिथे काढूनही टाकता येतो. अमेरिकेत केटी कुरिक नावाच्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिका आहेत. त्यांचे पती १९९८ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी याच रोगाने गेले. २००० च्या मार्च महिन्यात या बाईंनी काय करावं? स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली, साऱ्या देशाला! त्यानंतर तिकडे ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, असं पुढे डॉक्टरांनी आकडे तपासून दाखवलं. तिकडे पूर्वी पन्नाशीपासून तपासणी सुचवत असत, २०२१ पासून ती पंचेचाळिशीपासून सुचवतात. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख असे तीन कर्करोग आहेत. मोठं आतडं त्यात नाही.

तर मग हे नवं यंत्र आतड्यात घातलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाचायला लागले तेव्हा तसंच वाटलं. पण ज्या कामासाठी डॉक्टरांना ते आज सगळ्यात जास्त हवं आहे, ते काम जरा वेगळंच आहे. ते समजण्यासाठी एका ताईंची हकीकत सांगते. नाव, गाव सांगत नाही.

या ताई बावन्न वर्षांच्या. आठ-नऊ महिने मूळव्याधीची पुडी घेत होत्या. आरोग्य शिबिराच्या कामात त्यांची-माझी ओळख झाली आणि पुढे मोठ्या रुग्णालयात गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं. गाठ अगदी खाली, शौचाच्या जागेजवळ. आधी केमोच्या गोळ्या आणि रेडिएशन दिलं, ज्याला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट देणं म्हणतं. उपचार मानवले. डॉक्टर म्हणाले, गाठ जवळजवळ विरघळलेली दिसते, पण ऑपरेशन करावंच लागेल, आणि गुदद्वार काढावं लागणार असल्याने पोटावर कायमची पिशवी येईल. ताई शांतपणे म्हणाल्या, “गाठ विरघळली म्हणता, मग कापता कशाला?”

केवढा सरळ प्रश्न! डॉक्टरांनी तो टाळला नाही. त्यांनी सांगितलं की उपचारानंतर त्या जागी व्रण राहतो, सूज राहते, निबर झालेलं मांस राहतं. दुर्बिणीतून फक्त वरची कातडी दिसते. एमआरआयमध्ये व्रण आणि उरलेला कर्करोग बऱ्याचदा सारखेच दिसतात. आत खोलवर चार पेशी लपल्या असतील तर? ती जोखीम घ्यायची कशी? ऑपरेशन झालं. काढलेला आतड्याचा तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. घरच्यांनी पेढे वाटले. ताईंनी पेढा खाल्ला, आणि मग मला आत बोलावून पिशवी कशी बदलायची ते दाखवलं. भाताच्या पेजेचे डाग पडतात म्हणून गडद साड्याच नेसते, म्हणाल्या. लग्नकार्याला जाणं त्यांनी जवळजवळ सोडलं आहे.

यात कुणाची चूक नाही. पण अशा रुग्ण थोड्या नाहीत. केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन केलेल्या शंभर रुग्णांत साधारण १५ ते २५ जणांच्या काढलेल्या तुकड्यात कर्करोग उरलेलाच नसतो. हे लोक ऑपरेशनआधी ओळखता आले तर?

हाच प्रश्न ब्राझीलच्या साओ पावलो शहरातल्या एका बाईंनी फार आधी विचारला. त्यांचं नाव डॉ. अँजेलिता हाबर-गामा. सर्जन म्हणजे पुरुषच, अशा काळात त्या सर्जन झाल्या. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ७१ जणांची गाठ केमो-रेडिएशनने दिसेनाशी झाली होती. या ७१ जणांना त्यांनी कापलंच नाही. फक्त ठरलेल्या दिवशी बोलावून बारकाईने तपासत राहिल्या. ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ असं या पद्धतीला आता जगभर म्हणतात. सुरुवातीला मोठमोठ्या सर्जन मंडळींनी नाकं मुरडली. पण त्या रुग्णांची तब्येत ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट राहिली नाही, उलट चांगलीच राहिली. (बाई किती चिवट पाहा, २०२० साली म्हातारपणी कोविडने कित्येक आठवडे रुग्णालयात होत्या, आणि त्यातून उठून पुन्हा कामाला लागल्या.)

पण या पद्धतीत धाकधूक आहेच. २०१८ साली १५ देशांतल्या रुग्णांची एकत्र नोंद प्रसिद्ध झाली, त्यात असे थांबलेले ८८० रुग्ण होते. दोन वर्षांत त्यांच्यातल्या साधारण चौघांमागे एकाची गाठ पुन्हा डोकावली. वेळेवर सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. पण सापडली पाहिजे! म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. व्रण कुठला आणि रोग कुठला?

इथे उजेड-आवाजाचं यंत्र येतं. अमेरिकेत सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथे डॉ. क्विंग झू या संशोधक आहेत. (पुन्हा बाईच! मी काही मुद्दाम निवडून काढलेल्या नाहीत.) आधी त्यांनी याच तंत्राने अंडाशयाच्या गाठी तपासल्या होत्या. मग डॉ. मॅथ्यू मच या सर्जनच्या सोबतीने त्या गुदाशयाकडे वळल्या. त्यांनी गुदद्वारातून आत जाईल अशी बारीक नळी बनवली. लेझरचा उजेड तिच्यातून आत जातो आणि आतड्याच्या भिंतीतून आलेला आवाज तिलाच ऐकू येतो. सोबत नेहमीची सोनोग्राफीही होते.

ऐकू काय येतं? तर निरोगी गुदाशयाच्या भिंतीत, आतल्या अस्तराच्या खाली, रक्तवाहिन्यांचा एक नीटनेटका थर असतो. सारवलेल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालावी तसा. कर्करोग झाला की ती रांगोळी विस्कटते, कुठे पुसली जाते, कुठे नुसताच पसारा होतो. उपचाराने रोग पूर्ण गेला असेल तर त्या रक्तवाहिन्या पुन्हा आपल्या जागी उगवतात. रोग उरला असेल तर उगवत नाहीत. एमआरआयला जे सांगता येत नाही ते या रक्तवाहिन्या सांगतात. मग झू यांच्या टीमने संगणकाला शिकवलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्यांची चित्रं दाखवून, हे निरोगी, हे रोगी, असं. २०२१ साली ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी उपचार घेतलेल्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. नुसत्या सोनोग्राफीची चित्रं पाहून संगणकाचा बराच गोंधळ उडत होता. रक्तवाहिन्यांची चित्रं दाखवल्यावर मात्र तो रोगी आणि निरोगी जागा फार चांगल्या ओळखू लागला.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. त्या पहिल्या अभ्यासात रुग्ण अवघे दहा होते. दहा जणींच्या बचत गटावरून जिल्ह्याचं बजेट ठरवत नाहीत! शेकडो रुग्णांवर, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी हेच निकाल यायला हवेत. शिवाय उजेड किती खोल जातो याला मर्यादा आहे. आतड्याची भिंत तपासायला तेवढा पुरतो, पण लांबच्या लसिकाग्रंथीत किंवा यकृतात रोग पसरला आहे का, ते या नळीला कळत नाही, त्यासाठी सीटी आणि एमआरआय लागणारच. आणि साडेचार-पाच फूट लांब, वळणावळणाच्या मोठ्या आतड्यात शेवटपर्यंत फिरून पॉलिप शोधायचं काम अजूनही कोलोनोस्कोपीचंच आहे. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०१७ साली पोटावर बाहेरून यंत्र ठेवून क्रोन नावाच्या आजारात आतड्याची सूज किती आहे ते या तंत्राने मोजून दाखवलं. म्हणजे पुढेमागे काय काय होईल सांगता येत नाही. स्तनाच्या गाठी तपासण्यासाठी या तंत्राचं एक यंत्र मात्र अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने २०२१ साली मंजूरही केलं. गुदाशयासाठी ते अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. म्हणून कुणी जाहिरात करून ‘लेझरने कर्करोग तपासून देतो’ म्हणालं, तर पर्स उघडू नका.

मला या यंत्रात रस वाटतो त्याचं कारण जरा वेगळं आहे. ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ हे ऐकायला छान वाटतं, पण ते कुणाला परवडतं? पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी. बोटाने, दुर्बिणीने, मधूनमधून एमआरआयने. पुण्या-मुंबईत राहणारीला ते रिक्षाच्या अंतरावर. आपल्याकडून जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, सोबतीला कुणीतरी लागतं, मुक्कामाची सोय बघावी लागते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला घरचे म्हणतात, आता बरी आहेस ना, मग कशाला? आणि डॉक्टरही मनात तोच हिशेब करतात, ही बाई परत येणार का? येणार नाही असं वाटलं तर ऑपरेशनच सुचवतात. त्यांनाही दोष देता येत नाही. एक नळी, सोनोग्राफीएवढं यंत्र आणि चटकन मिळणारं उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी आलं, तर थांबण्याचा हक्क गावातल्या बाईलाही मिळेल. मला विचाराल तर या संशोधनाचं खरं मोल तिथे आहे. अमेरिकेतल्या दिमाखदार रुग्णालयांत ते आलं तर नवल नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? ज्या रक्ताचा आवाज ऐकायला शास्त्रज्ञ एवढा खटाटोप करत आहेत, ते रक्त कमी झालं की आपल्या साध्या रिपोर्टमध्येही दिसतं. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की आठ-नऊचा आकडा पाहून कुणी भुवईही उंचावत नाही. लोहाच्या गोळ्या लिहून देतात, आपण घेतो. पाळी चालू असताना त्याची कारणं बहुधा समजण्यासारखी असतात. पण पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत आणि तरी हिमोग्लोबिन उतरतंय, गोळ्यांनी चढलेलं पुन्हा घसरतंय, तर ते रक्त जातंय कुठे, असं डॉक्टरांना विचारायलाच हवं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर शौचात डोळ्यांना रक्त दिसतही नाही. फक्त थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, आणि आपण म्हणतो, वय झालं.

शौचातलं न दिसणारं रक्त तपासण्याची चाचणी कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते, आणि ती महागही नसते. ती रक्त दाखवते, कारण सांगत नाही. चाचणीत रक्त सापडलं म्हणजे कर्करोगच झाला असं नाही, पण मग दुर्बिणीची तपासणी टाळायची नाही. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल, शौचाची सवय तीन-चार आठवडे बदललेली असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटत राहत असेल, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा रोग झालेला असेल, तर या छोट्या चाचणीवर न थांबता थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं. मूळव्याध असेल तर असेल, पण ती पाहून ठरवू दे त्यांना. पुरुष डॉक्टर असले आणि संकोच वाटला तर सिस्टरना सोबत उभं राहायला सांगा. तसं मागता येतं, आणि बोटाने करायची ती तपासणी एक-दोन मिनिटांत आटोपते.